घरगुती अंडी उबवणी (खानदेश)

खुडूक (अंड्यांवर बसायला आलेल्या) कोंबडीऐवजी विजेच्या पेटीत ऊब, ओल आणि हवा पुरवून अंड्यांतून पिल्ले काढण्याची पद्धत. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, बटेराच्या १७-१८ आणि बदकाच्या २८. सातपुड्याच्या पाड्यांवर अजूनही कोंबडीच बसवतात. एका गावरान कोंबडीखाली १० ते १२ अंडी मावतात. तिला खुडूक होईपर्यंत थांबावे लागते, पेटीला थांबावे लागत नाही.

पेटी अंडी तापवू शकते, गार करू शकत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची निम्मी अडचण इथेच आहे. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला की थर्मोस्टॅट (तापमान नियंत्रक) ऊब देणारा दिवा बंद करून मोकळा होतो आणि पेटी खोलीबरोबर तापत जाते. साधारण १४व्या दिवसानंतर गर्भ स्वतःच उष्णता टाकू लागतात, त्यामुळे भरलेल्या पेटीत खोलीपेक्षाही जास्त ऊब साठते. ४० अंशांत काही तास गेले तर गर्भ दगावतात. तेवढाच वेळ दोन अंश कमी पडले तर पिल्ले बहुधा उशिरा निघतात, एवढेच. म्हणून खोली ३२ अंशांखाली राहत नसेल तर एप्रिल-मेमध्ये अंडी लावू नयेत, आणि पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नाही. जाड भिंतींच्या धाब्याच्या घरातली आतली खोली सर्वांत चांगली. कूलर चालतो, पण त्याचा झोत पेटीवर नको. ऑगस्ट ते फेब्रुवारी हा सोयीचा हंगाम. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पेटी जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावी आणि दाराच्या फटीपासून दूर असावी.

दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही, कारण लेयर फार्मवर (जिथे फक्त खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात) कोंबडाच नसतो. ८ ते १० कोंबड्यांमागे एक कोंबडा असलेल्या कळपातली, मध्यम आकाराची, तडा नसलेली आणि स्वच्छ अंडी घ्यावीत. ती धुऊ नयेत. धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर जातो. गिरिराज, वनराज या कोंबड्या संकरित आहेत. त्यांच्या अंड्यांतली पिल्ले आईबापांसारखी एकसारखी निघत नाहीत, हे विकणारा सहसा सांगत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर परिसरात २००६ मध्ये भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नोंदला गेला आणि २०२१ मध्ये तिथे पुन्हा साथ आली. साथीच्या काळात बाहेरची अंडी आणि ट्रे घरात आणू नयेत.

लावण्याआधी अंडी रुंद टोक वर करून १५ ते १८ अंशांत ठेवायची, तीही सात दिवसांपेक्षा जास्त नाही. २१ अंशांच्या आसपास गर्भ अर्धवट वाढू लागतो, मग कमजोर होतो किंवा मरतो. उन्हाळ्यात कपाटात आठवडाभर पडलेल्या अंड्यांचा निकाल वाईट लागतो तो यामुळे. मोठ्या माठात लहान माठ ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरली तर कोरड्या हवेत आत चांगला गारवा राहतो. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही. एसटीने किंवा मोटारसायकलवर आणलेली अंडी १२ ते २४ तास स्थिर ठेवूनच लावावीत.

घरगुती पेटीला थर्मोकोलचा जाड खोका, ४० वॅटचे दोन तारेचे दिवे, कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा आणि तापमान नियंत्रक लागतो. एलईडी दिवा उपयोगाचा नाही, त्यातून पुरेशी ऊब मिळत नाही. एक मोठा दिवा टाळावा. तो रात्री गेला की सगळा घाणा गेला. तापमान नियंत्रक म्हणून डब्ल्यू१२०९ ही स्वस्त पाटी (सर्किट बोर्ड) चालते, पण दिवा बंद होण्याच्या आणि पुन्हा पेटण्याच्या तापमानात तिचा फरक मुळात २ अंशांचा असतो, म्हणजे ३७.७ ला लावली तर दिवा ३५.७ पर्यंत पेटतच नाही. हा फरक ठरवणारा, पाटीवरचा पी१ हा आकडा ०.३ वर आणावा. सेन्सर अंड्यांच्या उंचीवर आणि दिव्यापासून लांब ठेवावा. पंखा असेल तर ३७.५ ते ३७.८ अंश, पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.५. पाटीचा आकडा तापाच्या थर्मामीटरशी ताडून पाहावा. तो नेमका याच टप्प्यात मोजतो.

ओल पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. ओल पाण्याच्या खोलीवर नव्हे, पृष्ठभागावर ठरते. कमी पडली तर पसरट ताटली ठेवावी. मार्चच्या कोरड्या वाऱ्यात दोन ताटल्या लागतात, श्रावणात कधी एकही लागत नाही. स्वस्त आर्द्रतामापकापेक्षा तराजू भरवशाचा: लावताना ५०० ग्रॅम भरलेली अंडी सातव्या दिवशी ४७५ आणि अठराव्या दिवशी ४३५ ग्रॅमच्या आसपास यावीत. वजन कमी घटले तर पाणी कमी करावे, जास्त घटले तर वाढवावे.

दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी फिरवावीत. विषम आकडा अशासाठी, की रात्रीची लांब वेळ रोज एकाच कुशीवर जात नाही. फिरवली नाहीत तर गर्भ पापुद्र्याला चिकटतो. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर धरली की जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसतात. स्वच्छ अंडे म्हणजे फळलेले नाही, रक्ताचे कडे दिसले तर गर्भ मेलेला. दोन्ही काढून टाकावीत, नाहीतर कुजलेले अंडे आतच फुटते.

अठराव्या दिवशी फिरवणे बंद, खाली खरबरीत कापड आणि झाकण बंद. चोच मारल्यापासून पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास जातात. या वेळात झाकण उघडले तर ओल निघून जाते आणि पापुद्रा पिल्लावर आवळतो. कवच सोलून मदत करण्याचा मोह बहुतेकांना नडतो. बलक पोटात जिरण्याआधी ओढलेले पिल्लू रक्त जाऊन मरते. बाहेर आलेली पिल्ले बलकाच्या जोरावर ४८ तास चाऱ्यावाचून राहतात, तेव्हा घाई करण्याचे कारण नाही.

१९-२०व्या दिवशीच निघालेली, ओल्या बेंबीची पिल्ले म्हणजे ऊब जास्त झाली. २२-२३व्या दिवशी मोठ्या पोटाची सुस्त पिल्ले निघाली तर ऊब कमी. चोच न मारता आतच ओलीचिंब मेलेली असतील तर पाणी जास्त झाले. लावलेल्या शंभरातली ६०-७० निघाली तर घरच्या पेटीसाठी निकाल चांगला.

भारनियमनात पहिल्या दोन आठवड्यांत पेटीवर गोधडी टाकून आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात. शेवटच्या दिवसांत मात्र हवेची भोके झाकू नयेत. उन्हाळ्यात वीज गेली तर गोधडीचा प्रश्नच नाही, तिथे झाकण किलकिले करायचे.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंश, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात, म्हणून तांदळाचा तूस पसरावा. आधी पाणी, मग मक्याचा बारीक भरडा किंवा चिक स्टार्टर (लहान पिल्लांचे तयार खाद्य). पाचव्या ते सातव्या दिवशी रानीखेत या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस डोळ्यात एक थेंब. कुपीत शेकडो मात्रा असतात आणि मिसळलेली लस दोन तासांत संपवावी लागते, म्हणून गल्लीतली सगळी पिल्ले एकाच सकाळी गोळा करावीत.