पार्श्वभूमी : बँकॉकचे ‘जुने शहर’ मोकळे कसे झाले?

१० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर थायलंडला व्हिसाशिवाय जाता येऊ लागले. आधी सहा महिन्यांपुरती दिलेली सवलत पुढे वाढवण्यात आली आणि २०२४ मध्ये तिथे उतरलेल्या भारतीयांचा आकडा वीस लाखांच्या वर गेला. मुंबईहून चार-साडेचार तासांचे विमान, त्यामुळे त्यात मराठी माणूस भरपूर. आपल्याकडच्या सहलींत मात्र बँकॉकच्या वाट्याला दीड-दोन दिवसच येतात. राजवाडा, पाचूचा बुद्ध, निजलेला बुद्ध, नदीतली रात्रीची बोट आणि उरलेल्या वेळात मॉल. या ठिकाणांची वर्णने हवी तितकी मिळतात, ती इथे पुन्हा देत नाही.

राजवाड्यापासून लोकशाही स्मारकापर्यंत आणि तिथून पुढे वाट साकेत या देवळाच्या सोनेरी टेकडीपर्यंत चालत गेले, तर रुंद रस्ते, हिरवळी आणि फोटोत अडथळा न येणारी देवळे दिसतात. हे चित्र जुने वाटते, पण ते गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत घडवलेले आहे. त्याआधी या मोकळ्या जागांवर बाजार, चित्रपटगृह आणि माणसांची घरे होती.

दूरचा इतिहास थोडक्यात असा. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या ही तेव्हाची राजधानी जाळली. नवी राजधानी चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर थोनबुरीला उभी राहिली आणि जेमतेम पंधरा वर्षे टिकली. १७८२ मध्ये सध्याच्या राजघराण्याच्या पहिल्या राजाने ती पलीकडच्या, पूर्वेच्या काठावर हलवली. तिथे आधीपासून राहणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांना दक्षिणेला साम्पेंगकडे जायला सांगितले गेले. आज पर्यटक ज्या चायनाटाउनमध्ये खायला जातात, त्याची सुरुवात या स्थलांतरातून झाली. म्हणजे या शहराची पायाभरणीच एका वस्तीला हलवून झाली, ही गोष्ट पुढच्या सगळ्या वादांत कोणीतरी काढतेच.

नव्या राजधानीभोवती कालवा खणला, सुमारे सात किलोमीटरची तटबंदी बांधली आणि तिच्यात चौदा बुरूज घातले. मजूर कंबोडिया आणि लाओसकडून आणलेले, विटा बऱ्याचशा अयुथ्येच्या अवशेषांतल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रस्ते आले, ट्राम आली, तटबंदीची गरज संपली आणि ती पाडली जाऊ लागली. चौदांपैकी दोनच बुरूज उरले : नदीकाठचा फ्रा सुमेन आणि सोनेरी टेकडीसमोरचा महाकान. (थाई लिपीत तो ‘महाकाळ’ असाच लिहितात, अगदी ळ सुद्धा.) महाकानला लागून शे-दोनशे मीटर तटही शिल्लक आहे. या तुकड्याकडे पुढे यायचेच आहे.

मधले शतक ओलांडून थेट १९८२ वर येऊ. त्या वर्षी राजधानीला दोनशे वर्षे पूर्ण होणार होती आणि त्याच्या तयारीसाठी १९७८ मध्ये एक उच्चाधिकार समिती नेमली गेली. राजवाडा आणि त्यातल्या देवळाची मोठी डागडुजी झाली. राजवाड्यासमोरच्या सनाम लुआंग मैदानावर शनिवार-रविवारचा प्रचंड बाजार भरत असे. तो तिथून उठवून शहराच्या उत्तरेला चातुचाकला नेला. आज चातुचाक स्वतःच पर्यटकांच्या यादीत असतो आणि तो मुळात राजवाड्यासमोरचा बाजार होता हे तिथे खरेदी करणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. योगायोग असा, की या द्विशताब्दीच्या आसपासच जवळच्या खाओ सानच्या गल्लीत स्वस्त खोल्या भाड्याने मिळू लागल्या आणि पाठीवर पिशवी लादलेला परदेशी तरुण जुन्या शहरात मुक्कामाला आला. १९८७ हे ‘थायलंड भेट वर्ष’ म्हणून साजरे झाले. १९६० च्या सुमाराला वर्षाला ऐंशी हजारांच्या आसपास पर्यटक येणारा हा देश २०१९ मध्ये चार कोटींच्या उंबरठ्यावर होता. जुन्या शहराकडे परकीय चलनाच्या नजरेने बघणे कधी सुरू झाले, हे या आकड्यांवरून समजते.

समितीची भूमिका साधी होती. देवळे, राजवाडे आणि तट दिसले पाहिजेत, ते झाकणारे जे काही असेल ते हटवले पाहिजे. या भूमिकेचा पहिला ठळक बळी १९८९ मध्ये गेला. लोकशाही स्मारकाच्या रस्त्यावर, अगदी टोकाला, चालेर्म थाई नावाचे नाट्यगृह होते. १९४९ मध्ये उघडले, पुढे त्यात चित्रपट लागू लागले, बँकॉककरांच्या दोन पिढ्यांनी तिथे सिनेमे पाहिले. त्याच्या मागे १८४६ चे, सदतीस धातूच्या शिखरांचे लोह प्रासाद हे देऊळ झाकले जात होते. नाट्यगृह पाडले, तिथे बाग आणि राजमंडप झाला आणि देऊळ रस्त्यावरून दिसू लागले. आज त्या जागी उभे राहून फोटो काढणाऱ्याला दृश्य निर्विवाद सुंदर वाटते. पण पाडलेली इमारत राजाची निरंकुश सत्ता संपवणाऱ्या १९३२ च्या राज्यक्रांतीनंतरच्या काळातली, साध्या आधुनिक घडणीची होती. कोणता भूतकाळ दाखवायचा आणि कोणता झाकायचा, याची निवड तिथे झाली होती.

आता महाकान. अष्टकोनी पांढरा बुरूज, त्याला लागून तट, तटापलीकडे कालवा. तट आणि कालवा यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, जेमतेम दोन एकरांत, सुमारे तीनशे माणसांची वस्ती होती. काही घरे सागवानी लाकडाची, एकोणिसाव्या शतकातल्या घडणीची. बरीचशी नंतरची आणि मोडकळीला आलेली. वस्तीत शिपाई बुलबुलांसाठी पिंजरे बनत, मातीच्या मूर्ती घडत, फटाके विकले जात. लिके या लोकनाट्याचे, आपल्या तमाशाच्या जातकुळीतल्या खेळाचे, पहिले नाट्यगृह याच परिसरात होते असे तिथले लोक सांगत.

१९९२ मध्ये ही जमीन संपादित करण्याचा आदेश निघाला. उद्देश सार्वजनिक उद्यान. पुढची सव्वीस वर्षे हा आदेश तसाच लोंबकळत राहिला आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. काही घरमालकांनी मोबदल्याचा काही भाग स्वीकारला होता. त्यामुळे पैसे घेऊन आता जात नाही, असा आरोप महापालिकेला करता आला. दुसरीकडे, पर्यायी जागा शहराच्या पूर्व टोकाला, मिन बुरीकडे देऊ केली होती. रोजची कमाई जुन्या शहराच्या रस्त्यांवर आणि मुक्काम इतका दूर, हे गणित कोणालाच जमणारे नव्हते. जानेवारी २००३ मध्ये घरे खाली करण्याच्या नोटिसा आल्या तेव्हा रहिवाशांनी तटातले दरवाजे अडवले आणि पाळीपाळीने पहारा दिला.

अडवणूक एवढ्यावरच थांबली नाही. त्यांनी उलट प्रस्ताव ठेवला : उद्यान करा, आम्ही त्याची राखण करतो, झाडलोट करतो, जुनी लाकडी घरे नीट करून लोकांना दाखवतो आणि पट्टीच्या एका भागात राहतो. शहरातले वास्तुविशारद, विद्यापीठांतले संशोधक आणि परदेशी मानववंशशास्त्रज्ञ या प्रस्तावामागे उभे राहिले. पुढे निवडून आलेल्या एका प्रशासनाने एका विद्यापीठाकडून त्यावर अभ्यासही करून घेतला. कागदोपत्री हा तोडगा जवळजवळ ठरल्यासारखा दिसत होता. अडचण कायद्याने काढली. संपादनाचा आदेश उद्यानासाठी होता, निवासासाठी नव्हता. न्यायालयानेही निकाल महापालिकेच्या बाजूने दिला होता. आदेश बदलायचा तर वरच्या पातळीवर कोणीतरी जबाबदारी घ्यायला हवी होती, ती कोणी घेतली नाही.

महापालिकेची बाजू अगदीच पोकळ नव्हती. सार्वजनिक पैशाने घेतलेली जमीन मूठभर लोकांना कशी द्यायची? दाटीवाटीच्या लाकडी वस्तीत आगीचे काय, तेही फटाक्यांच्या दुकानांसह? शिवाय बरेच रहिवासी दोन-तीन पिढ्यांपूर्वी बाहेरून आलेले होते, राजदरबारातल्या कोणा सरदाराचे वंशज नव्हते. हा शेवटचा मुद्दा थाई चर्चेत फार वापरला गेला आणि तो सगळ्यांत लंगडा होता. अडीचशे वर्षांच्या राजधानीत बाहेरून न आलेला माणूस शोधायचा कुठे? शहर ज्या चिनी, ख्मेर, लाओ, मोन, मुस्लिम आणि भारतीय वस्त्यांनी बनले त्या सगळ्या केव्हातरी बाहेरूनच आल्या.

२०१४ च्या मे महिन्यात लष्कराने सत्ता घेतली आणि तोल बदलला. शहर प्रशासनावर निवडणुकीचा धाक उरला नाही, निदर्शनांवर निर्बंध आले. सप्टेंबर २०१६ मध्ये पहिली घरे पाडली गेली. निवडक जुनी घरे राखावीत म्हणून २०१७ मध्ये पुन्हा बोलणी झाली, याद्या झाल्या, पण हाती काही लागले नाही. एप्रिल २०१८ मध्ये शेवटची कुटुंबे बाहेर पडली. आज तिथे हिरवळ, झाडे, पायवाटा आणि माहितीचे फलक आहेत. दुपारी तिथे फारसे कोणी नसते. पर्यटक बुरुजाचा फोटो रस्त्यावरूनच काढतात, तटाआड शिरण्याचे कारण त्यांना सापडत नाही. वस्ती राखून तिथे येणाऱ्यांची वर्दळ वाढवता आली असती, हे रहिवाशांचे म्हणणे आता सिद्धही करता येणार नाही आणि खोडताही येणार नाही.

याच वर्षांत पदपथही मोकळे झाले. ‘पादचाऱ्यांना पदपथ परत’ या मोहिमेत शहरभर फेरीवाले उठवले गेले. २०१६ मध्ये नदीजवळच्या पाक ख्लोंग फूलबाजारातले पदपथावरचे विक्रेते गेले. एप्रिल २०१७ मध्ये रस्त्यावरचे खाणेच बंद होणार अशी बातमी जगभर पसरली आणि ओरड झाली. तेव्हा चायनाटाउनचा यावारात रस्ता आणि खाओ सान यांना धक्का लागणार नाही, असा खुलासा झाला. म्हणजे पर्यटक जिथे खातात तिथे गाड्या राहणार, ऑफिसातले लोक जिथे खातात तिथून जाणार. त्याच डिसेंबरात एका नामवंत आंतरराष्ट्रीय खाद्यपुस्तिकेची पहिली बँकॉक आवृत्ती आली आणि रस्त्याकडेच्या कोळशाच्या शेगडीवर खेकड्याचे ऑम्लेट करणाऱ्या एका वृद्ध स्वयंपाकिणीला तारा मिळाला. तिचे दुकान महा चाय रस्त्यावर, महाकान बुरुजापासून पायी काही मिनिटांवर. तिच्या दारात परदेशी पाहुण्यांची रांग लागली तेव्हा तटाआडची उरलेली घरे रिकामी होत होती.

भारतीय पर्यटकाला ओळखीचा वाटेल असा कोपरा म्हणजे पाहुरात, कापडबाजार आणि गुरुद्वाऱ्याचा. त्याच्या शेजारच्या ओंग आंग कालव्यावर पूर्वी खेळणी, व्हिडिओ गेम आणि नकली मालाचा झाकलेला बाजार होता. २०१५ मध्ये तो हटवला, कालवा उघडा केला आणि २०२० मध्ये काठाने चालण्याचा रस्ता तयार झाला. अलीकडे तिथे दिवाळीही साजरी होते. नूतनीकरणाला आशियाई पातळीवरचा पुरस्कार मिळाला आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही, जागा खरोखरच बरी झाली आहे. फरक एवढाच, की इथे उठवलेली दुकाने होती, घरे नव्हती. महाकानच्या वादात ओंग आंगचे उदाहरण देणारे ही तफावत गाळतात.

१९३२ च्या खुणाही याच काळात कमी झाल्या. सनाम लुआंगजवळची सर्वोच्च न्यायालयाची जुनी इमारत २०१२ च्या अखेरीस पाडायला घेतली. एप्रिल २०१७ मध्ये क्रांतीची आठवण देणारी, रस्त्यात बसवलेली पितळी चकती एके दिवशी नाहीशी झाली आणि तिच्या जागी वेगळ्या मजकुराची चकती दिसली. त्याच क्रांतीचे लोकशाही स्मारक अजून आहे. या विषयांवर तिथे मोठ्याने बोलताना मात्र पाहुण्याने जपून राहावे. राजघराण्याविषयीचे कायदे कडक आहेत आणि ते परदेशी माणसालाही लागू होतात.

ज्यांना हा भाग पाहायचा आहे त्यांना सेन सेप कालव्यातली बोट सोयीची. १८३७ मध्ये युद्धासाठी सैन्य आणि रसद नेण्याकरता खणायला घेतलेल्या या कालव्यात १९९० पासून प्रवासी बोटी चालतात आणि त्यांचा फान फा हा शेवटचा धक्का बुरुजाला अगदी लागून आहे. येत्या काही वर्षांत मात्र इथे पोहोचण्याची वाटच बदलेल. जांभळ्या आणि नारिंगी अशा दोन भुयारी मेट्रो मार्गांची स्थानके लोकशाही स्मारकाजवळ होणार आहेत. नारिंगी मार्गाचे एक स्थानक कालव्यापलीकडे, नांग लेंग वस्तीच्या हद्दीत येते. तिथला बाजार १९०० चा, थायलंडमधला जमिनीवर भरणारा पहिला बाजार म्हणून ओळखला जाणारा. जुनी दुकानघरे, लाकडी चित्रपटगृह आणि नृत्यशिक्षकांची घरे अजून आहेत. जमिनीचे मालक मात्र बहुतेक ठिकाणी राहणारे नाहीत आणि भाडेकरार वर्षावर्षाने नवे होतात. महाकानला जे झाले ते पाहून इथल्या रहिवाशांनी आपल्या वस्तीच्या नोंदी करायला, पाहुण्यांना फिरवायला आधीच सुरुवात केली आहे. बाजार दुपारच्या जेवणापुरता चालतो, दोननंतर गाळे बंद होऊ लागतात, तेव्हा बाराच्या आत पोहोचलेले बरे.