माफिया वेगळा, चाओ फो वेगळा

‘किनपोर्श’ ही थाय मालिका बघून उठलेला माणूस हमखास विचारतो: थायलंडमध्ये खरंच असे माफिया असतात का हो? असतात, पण असे नसतात. मालिकेतला तो माफिया आणि थाय लोक ज्याला ‘चाओ फो’ म्हणतात तो, दोघांनाही आपण ‘गॉडफादर’ म्हणून मोकळे होतो, आणि घोळ तिथेच होतो.

आधी मालिका. २ एप्रिल ते ९ जुलै २०२२, एकूण १४ भाग, दर शनिवारी. डेमी या लेखिकेच्या कादंबरीवर बेतलेली. वन ३१ या वाहिनीवर कात्री लावून, तर आयचीयी (iQIYI) या स्ट्रीमिंग ॲपवर ‘ला फोर्ते’ नावाने बिनकात्रीची. किन हा माफिया घराण्यातला मधला मुलगा. मारेकरी मागे लागलेले असताना तो एका बारच्या मागच्या बाजूला पोचतो आणि तिथल्या बारटेंडरला, म्हणजे पोर्शला, पैशांच्या बोलीवर मदतीला ओढतो. पुढे पोर्शला त्याचा अंगरक्षक व्हावं लागतं आणि मग प्रेम. माइल (किन) आणि आपो (पोर्श) या दोघा नटांनी ते इतकं मनापासून केलंय की कथेतली भोकं पहिल्या फेरीत दिसतही नाहीत.

या घराण्याचं आडनाव आहे थीरपन्याकुन. लिहिलेलं रूप उकललं तर धीर, पञ्ञा म्हणजे प्रज्ञा, आणि कुल. धीरप्रज्ञाकुल! एवढं सात्त्विक आडनाव आणि धंदा असला. धाकट्या पातीच्या काकाने तर पोरांची नावं व्हेगास आणि मकाऊ ठेवलीयत. थायलंडमध्ये १९३५ च्या जुगार कायद्याने सरकारी लॉटरी, घोड्यांच्या शर्यती असे मोजके अपवाद सोडले तर बहुतेक जुगाराला बंदी आहे, हे माहीत असलं की ही नावं ऐकून हसूच येतं. थोरला तानखुन, ज्याला सगळे ‘खुन नू’ म्हणजे बाळराजे म्हणतात, त्याचे कपडे हा तर स्वतंत्र विषय.

तर हा माफिया हवेलीत राहतो. काळे सूट, रांगेत उभे अंगरक्षक, बंदुका. पोलीस जवळपास नाहीत, मतदार तर अजिबात नाहीत. ‘माफिया’ हा शब्दही थाय भाषेत बाहेरून आलेला. ‘वाय’ कादंबऱ्यांमध्ये, म्हणजे दोन पुरुषांच्या प्रेमकथांमध्ये, माफिया हा गुन्हेगार कमी आणि श्रीमंत, धोकादायक नायक जास्त असतो. कॉलेज-कॅम्पसच्या कथांत सीनियर जे काम करतो तेच इथे माफिया करतो, फक्त पिस्तूल घेऊन. मुलगा पुरुषावर प्रेम करतो याचं घरात कुणाला फारसं वावगं वाटत नाही, तेही त्या जगाच्या नियमानेच.

चाओ फो मात्र मातीतला. ‘चाओ’ म्हणजे स्वामी, ‘फो’ म्हणजे बाप. मुळात हा शब्द राखणदार देवतेचा. आपल्या गावदेवासारखा, देव्हारा असलेला. तोच पुढे जिल्ह्यातल्या दांडग्या माणसाला लागला. त्याचा जोर बंदुकीत असतोच, पण खरा जोर जमिनी, ठेके आणि मतांत. गावोगाव मतं गोळा करून देणाऱ्याला थाय भाषेत ‘हुआ खनेन’ म्हणतात. अशी माणसं हाताशी असली की बँकॉकचे पुढारी तुमच्या अंगणात येऊन बसतात.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण चोनबुरी प्रांतातलं: सोमचाय खुनप्लूम, म्हणजे ‘कामनान पो’. कामनान म्हणजे काही गावांच्या गटाचा प्रमुख, जवळपास आपल्याकडचा जुना पाटील. हा पुढे बांग सेनचा समुद्रकिनारा ज्या हद्दीत येतो त्या सेन सुकचा नगराध्यक्ष झाला. एका माणसाचा खून घडवून आणल्याबद्दल आणि एका जमीनखरेदीतल्या भ्रष्टाचाराबद्दल दोषी ठरला, २००६ मध्ये फरार झाला, जानेवारी २०१३ मध्ये सापडला, २०१९ मध्ये वारला. मालिकेतला गॉन, किनचा बाप, कुठल्या नगरपालिकेत बसलाय अशी कल्पना करून बघा. जमतच नाही.

सरकारी थाय भाषेत अशा माणसांना ‘फू मी इत्थिफोन’ म्हणतात: ज्याच्याकडे इत्थिफोन आहे तो. इत्थिफोन म्हणजे वजन, वट. पालीतली इद्धि, म्हणजे आपली ऋद्धी, अधिक बल. २००३ मध्ये पंतप्रधान थाकसिन यांच्या सरकारने या ‘काळ्या वजना’विरुद्ध मोहीमही काढली होती.

कामनान पोच्या मुलांनी राजकारणात रीतसर जम बसवला. सोन्थया मंत्री झाला, पुढे पट्टायाचा महापौर. त्याच्या एका भावाचं नावच इत्थिफोन, स्पेलिंगसकट तेच. तोही आधी पट्टायाचा महापौर होता. आणि २०२२ मध्ये किन-पोर्श दर शनिवारी पडद्यावर धुमाकूळ घालत होते, तेव्हा थायलंडचा सांस्कृतिक मंत्री हाच इत्थिफोन खुनप्लूम होता.