फोनने कोणत्या पत्त्यावरून बोलायचं? : पार्श्वभूमी

लातूरच्या होस्टेलमधला पोरगा व्हिडिओ कॉलवर बोलत गेटबाहेर पडतो. वाय-फाय सुटतं, मोबाइल डेटा लागतो आणि चित्र अडकतं, कधी कॉलच तुटतो. तोच पोरगा एसटीने औशाला निघाला तर वाटेत टॉवर बदलत जातात, पण बोलणं सहसा चालू राहतं. टॉवर बदलला तरी त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा फोनचा क्रमांक, कंपनीच्या दूरच्या गेटवेला (इंटरनेटकडे जायच्या दाराला) बांधलेला असतो. वाय-फाय सोडलं की पत्ताच बदलतो. आणि टीसीपी, म्हणजे दोन संगणकांत जोडणी बांधायची इंटरनेटची जुनी पद्धत, जोडणी ओळखते ती दोन्ही टोकांच्या पत्त्यांवरून आणि पोर्टांवरून (पोर्ट म्हणजे संगणकातल्या कोणत्या अ‍ॅपचं बोलणं ते सांगणारा आकडा). १९८१ साली त्याचे नियम पक्के झाले तेव्हा संगणक खिशात घालून कोणी फिरत नव्हतं.

यावर पहिला मोठा उपाय १९९६ चा : आरएफसी क्रमांक २००२ (इंटरनेटचे नियम अशा क्रमांकाच्या दस्तऐवजांत मांडतात), म्हणजे मोबाइल आयपी. बीडचं ऊसतोड कुटुंब सहा महिने कारखान्याकडे कोपीत राहतं, पण रेशनकार्डावरचा पत्ता गावचाच. गावी आलेला कागद भाऊ पुढे धाडतो. मोबाइल आयपीत हे भावाचं काम ‘होम एजंट’ करतो. फोनला घरचा पत्ता कायम राहतो, मुक्कामाचा बदलत जातो.

मग पाकिटावर, म्हणजे फोनने धाडलेल्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर, पाठवणाऱ्याचा पत्ता कोणता घालायचा? वाटेतले राउटर (पाकिटं पुढे धाडणारी यंत्रं) साधारणपणे पाकीट कुठे जायचंय तेवढंच बघतात, म्हणून आधी घरचा पत्ता घालून चालत होतं. पण खोट्या पत्त्यांआडून होणारे हल्ले वाढले आणि मे २००० मध्ये आरएफसी २८२७ ने सेवादात्यांना सांगितलं : आपल्या जाळ्यातला नसलेला पत्ता घेऊन निघालेलं पाकीट अडवा. त्यात फिरता, प्रामाणिक फोनही अडकला.

आयपीव्ही६ मध्ये, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, एकाच फोनला एका वेळी अनेक पत्ते असणं हीच रीत. म्हणून फेब्रुवारी २००३ मध्ये रिचर्ड ड्रेव्ह्स यांच्या आरएफसी ३४८४ ने पाठवणाऱ्याचा पत्ता निवडायचे आठ नियम क्रमाने घालून दिले. चौथा नियम मोबाइलसाठी : मुक्कामाच्या पत्त्यापेक्षा घरचा बरा. पण डीएनएसला (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) एक प्रश्न विचारण्यासाठी घराला वळसा कशाला? म्हणून अ‍ॅपला उलटं मागता यावं अशी सोय ठेवायला सांगितलं होतं. ती मागायची पद्धत २००७ मध्ये आरएफसी ५०१४ ने ठरवली. सप्टेंबर २०१२ च्या आरएफसी ६७२४ ने सातवा नियम फिरवला आणि माग काढता येऊ नये म्हणून तात्पुरत्या पत्त्याला पसंती दिली. चौथा नियम तसाच राहिला. माझ्या मते तो कागदावरच जास्त जगला, कारण ज्याच्यासाठी तो लिहिला ते मोबाइल आयपीव्ही६ सामान्य फोनांत रुजलंच नाही.

२०१९ च्या आरएफसी ८६५३ ने प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. किती टिकणारा पत्ता हवा, कायमचा, संभाषणापुरता की कामचलाऊ, हे अ‍ॅपनेच सांगावं. मे २०२१ मध्ये क्विक (QUIC) ही जोडणीची नवी पद्धत प्रमाणित झाली आणि ओळख पत्त्यावरून उठून जोडणी-क्रमांकावर गेली. पत्ता बदलला तर सर्व्हर नवी वाट तपासतो आणि बोलणं पुढे नेतो. पहिलं पाकीट मात्र कुठल्या तरी पत्त्यावरूनच निघतं, आणि आयपीव्ही६ वर तो निवडायला अजून मुळात २०१२ चेच नियम आहेत.