कंटेनर उचलणाऱ्या यंत्रांची आरटीओ नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

नागपुरात कंटेनर डेपोपासून मिहानच्या औद्योगिक क्षेत्रापर्यंत रीच स्टॅकर (लांब भुजेने कंटेनर उचलून रचणारे यंत्र), फोर्कलिफ्ट आणि टायरवर चालणाऱ्या क्रेन कामाला असतात. असे यंत्र घेणाऱ्याने अर्जाचा नमुना शोधण्याआधी एक गोष्ट ठरवावी: यंत्र स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर जाणार आहे का?

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 2(28) मधील मोटार वाहनाच्या व्याख्येतून, केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्याजोगे विशेष प्रकारचे वाहन वगळलेले आहे, म्हणजे त्याला नोंदणी लागत नाही. याउलट, ज्या फोर्कलिफ्टचे वा मोबाइल क्रेनचे मुख्य काम रस्त्याबाहेरचे असले तरी जी कामापुरती, थोडा वेळ आणि ताशी 50 किलोमीटरपेक्षा अधिक वेग न घेता रस्त्यावर येऊ शकते, ती केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार बांधकाम उपकरण वाहन ठरते. तिची परिवहनेतर (नॉन-ट्रान्सपोर्ट) वाहन म्हणून नोंदणी करावी लागते.

रीच स्टॅकरचा प्रश्न बहुधा मोजपट्टीनेच सुटतो. पहिल्या (यंत्राला सर्वांत जवळच्या) रांगेतील सुमारे 45 टनांचा कंटेनर उचलणारे हे यंत्र साधारण चार मीटर रुंद असते, तर बांधकाम उपकरण वाहनाची प्रवासातील रुंदी नियम 93 नुसार 3 मीटरपेक्षा जास्त चालत नाही. म्हणूनच ते सुटे भाग करून ट्रेलरवर आणतात आणि आवारातच जोडतात. त्या वाहतुकीसाठी अवाढव्य मालाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणम पोलाद प्रकल्पाच्या बंदिस्त आवारातील वाहनांवर मोटार वाहन कर लागत नाही, असा निकाल दिला. मात्र तो आंध्र प्रदेशच्या कर कायद्यातील ‘सार्वजनिक ठिकाण’ या शब्दांवर उभा आहे. महाराष्ट्राचा कर कायदा 1958 चा आणि वेगळा असल्यामुळे, निकालाची नुसती प्रत जोडून काम भागेल असे समजू नये. कुंपण, फाटकावरील नियंत्रण आणि वापराचे स्वरूप दाखवणारी कागदपत्रे जवळ ठेवणे अधिक उपयोगाचे आहे.

नोंदणी आवश्यक असल्यास यंत्र ताब्यात आल्यापासून सात दिवसांच्या आत नमुना 20 मध्ये अर्ज करावा. त्यासोबत विक्री प्रमाणपत्र (नमुना 21), उत्पादकाचे रस्तायोग्यता प्रमाणपत्र (नमुना 22), वैध विमा, पत्त्याचा पुरावा आणि तात्पुरती नोंदणी झाली असल्यास तिची प्रत लागते. आयात केलेल्या यंत्रासाठी सीमाशुल्क विभागाचे मंजुरीचे कागदही लागतात. कर्ज काढून घेतलेल्या यंत्राच्या अर्जावर वित्तसंस्थेची सही राहून जाते, आणि अर्ज परत येण्याचे हे अगदी टाळण्याजोगे कारण आहे. चासी व इंजिन क्रमांक सर्व कागदांवर अक्षरशः एकसारखे आहेत, हेही आधीच पडताळावे.

2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 40 नुसार राज्यातील कोणत्याही नोंदणी प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्यामुळे शहराचे एमएच 31, ग्रामीणचे एमएच 40 की पूर्व नागपूरचे एमएच 49, यावरून अर्ज अडून राहण्याचे कारण उरत नाही. नोंदणी 15 वर्षे टिकते आणि मुदतीनंतर नमुना 25 मध्ये नूतनीकरण होते.

चालकाकडे त्या वर्गाच्या वाहनाचा परवाना हवा. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो, परंतु पक्क्या परवान्याची चाचणी 30 दिवसांनंतरच देता येत असल्यामुळे, चालकाचा अर्ज यंत्र पोहोचण्याची वाट न पाहता भरावा.