नाळ आणि दुधाचे दात

पोटातलं बाळ सुरक्षित असतं, वार (आईकडून गर्भाला पोषण पोचवणारा अवयव) विष आत येऊ देत नाही, अशी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरांचीही समजूत होती. ती मोडायला मुलांचे बळी जावे लागले.

जपानमधल्या मिनामाता इथे १९५६ मध्ये एक विचित्र मेंदूविकार उघडकीला आला. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून खाडीत जाणारा मिथाइल पारा माशांमार्फत माणसांच्या पोटात जात होता. त्याच सुमारास जन्मलेल्या काही बाळांना मान धरता येईना, बोलता येईना. या मुलांनी मासे खाल्ले नव्हते आणि आयांना फारसा त्रासही नव्हता, म्हणून त्यांचा आजार वेगळाच समजला गेला. शवविच्छेदनानंतर १९६२ मध्ये मान्य झालं की पारा वार ओलांडून गर्भात साचत होता. बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवायची जपानी घरांत रीत आहे. डॉ. मासाझुमी हारादा यांनी अशा नाळा गोळा केल्या आणि त्यांत पारा सापडला. आयांनी मायेने जपलेली खूणच पुरावा ठरली, हे वाचताना आजही गलबलून येतं.

गरोदरपणी मळमळीवर दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाचा अनर्थ १९६१ मध्ये उघड झाला. पण तिथे व्यंग जन्मताच दिसत होतं. डीईएस या कृत्रिम संप्रेरकाने वीसेक वर्षं काहीच दाखवलं नाही. गर्भपात टळावा म्हणून ते दिलं जाई. त्याचा उपयोग होत नाही हे १९५३ मध्येच कळलं होतं, तरी देणं चालूच राहिलं. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी योनीचा दुर्मीळ कर्करोग झालेल्या आठ तरुणींची माहिती मांडली. त्यांतल्या सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतलं होतं.

शिशाच्या बाबतीत साक्ष दिली दुधाच्या दातांनी. रक्तातलं शिसं अलीकडचा संपर्क सांगतं, दातातलं मात्र वर्षानुवर्षांचं असतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या शाळकरी मुलांचे पडलेले दात तपासले. विषबाधेचं एकही लक्षण नसलेल्या, पण दातात शिसं जास्त असलेल्या मुलांचे बुद्ध्यांक कमी भरले. हे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि शिसं उद्योगाच्या बाजूच्या तज्ज्ञांनी त्यांच्यावर गैरव्यवहाराचे आरोपही केले. चौकशीत ते आरोप टिकले नाहीत.

अमेरिकेत १९६० च्या दशकात मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंतचं शिसं चालतं असं मानत. १९९१ मध्ये चिंतेची पातळी १० वर आली, २०२१ मध्ये ३.५ वर. त्याच वर्षी अल्जीरियात शिसंयुक्त पेट्रोलची विक्री थांबली. जगात ती तिथेच उरली होती.