‘%डी’ आणि ‘%सी’ : मागे राहिलेल्या एन्टरचा घोळ

सी भाषेची पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिके घेताना सांगलीत दरवर्षी तीच तक्रार माझ्या कानी येते : “सर, दुसरा स्कॅनएफ चालतच नाही, प्रोग्राम प्रश्न विचारतो आणि उत्तर न घेताच पुढे जातो.” स्कॅनएफ, म्हणजे टाइप केलेले वाचून घेणारे फंक्शन, चालतो. तो थांबत नाही, कारण त्याला हवे असलेले अक्षर आधीच मिळालेले असते.

‘%डी’ने पूर्णांक वाचणे वाचकाला येते असे मी गृहीत धरतो, व्हेरिएबलच्या नावाआधीचे ॲम्परसँड (&) विसरू नये, एवढेच तिथे सांगण्यासारखे आहे. एक अक्षर वाचणारा ‘%सी’ दिसायला अगदी तसाच असल्यामुळे तो वागायलाही तसाच असणार, असे सगळे समजून चालतात.

मी मुलांना हळदीच्या सौद्याचा प्रोग्राम लिहायला देतो. पोत्याचे वजन विचारून बेरजेत मिळवायचे, मग ‘आणखी पोते आहे का?’ असे विचारून ‘वाय’ किंवा ‘एन’ यांपैकी एक अक्षर घ्यायचे आणि उत्तर ‘वाय’ येत राहील तोवर डू-व्हाइल लूप फिरवायचा. विद्यार्थी ५२ लिहून एन्टर दाबतो आणि पहिल्याच पोत्यावर सौदा आटोपतो.

प्रोग्रामकडे इथे दोन नव्हे, तीन अक्षरे पोहोचलेली असतात : पाच, दोन आणि एन्टरमुळे आलेली न्यूलाइन, म्हणजे नवी ओळ सुरू करणारे अक्षर. ‘%डी’ अंक संपेपर्यंत वाचतो आणि न्यूलाइन दिसताच, ती तशीच रांगेत सोडून, थांबतो. त्यानंतर ‘%सी’ची पाळी येते. ‘%डी’, अपूर्णांक वाचणारा ‘%एफ’ आणि शब्द वाचणारा ‘%एस’ हे तिघे वाचायला लागण्यापूर्वी वाटेतल्या स्पेस, टॅब आणि न्यूलाइन ओलांडून जातात; ‘%सी’ मात्र काहीच ओलांडत नाही, कारण त्याच्या लेखी स्पेस हेही अक्षर आहे आणि न्यूलाइन हेही. म्हणून तो रांगेत पुढे उभी असलेली न्यूलाइन उचलतो, ती ‘वाय’ नसते आणि लूप संपतो. लागोपाठ दोन ‘%डी’ लिहिले तर हा त्रास कधीच होत नाही, कारण आधीची उरलेली न्यूलाइन दुसरा ‘%डी’ निमूटपणे गिळून टाकतो; ‘%डी’ची सवय झालेला विद्यार्थी नेमका यामुळेच फसतो. खात्री करायची असेल तर उत्तराचे व्हेरिएबल ‘%डी’ने छापून पाहावे. पडद्यावर १० येईल, आणि १० हा न्यूलाइनचा आस्की क्रमांक, म्हणजे संगणकात त्या अक्षरासाठी ठरलेला आकडा आहे.

उपाय एका स्पेसचा आहे : अवतरणचिन्हांच्या आत, टक्क्याच्या चिन्हाआधी एक स्पेस सोडून ‘ %सी’ लिहावे, म्हणजे मागे राहिलेली सगळी कोरी जागा आधी ओलांडली जाते. हीच स्पेस ‘सी’नंतर टाकली तर पुढचे एखादे ठसठशीत अक्षर येईपर्यंत प्रोग्राम ताटकळत बसतो आणि विद्यार्थी पुन्हा पुन्हा एन्टर दाबत राहतो.

जुन्या जर्नलांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेतलेला ‘एफफ्लश(एसटीडीइन)’ हा उरलेले इनपुट पुसून टाकण्याचा उपाय मला मुळीच मान्य नाही. सीच्या मानकात एफफ्लश आउटपुटसाठी आहे. इनपुटवर तो चालवला तर काय होईल याची कोणतीही हमी तिथे दिलेली नाही, आणि एखाद्या कंपायलरवर काम झाले म्हणून तो नियम ठरत नाही. टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या काळातला ‘गेटच’ही मी खोडतो. तो एन्टरची वाट न पाहता कळ घेतो हे खरे, पण तो ‘कोनिओ’ या हेडरमधला आहे आणि ते हेडर मानकात नाही. त्याला ‘गेटचार’चा भाऊ समजणारे तर पुष्कळ भेटतात. एक अक्षर वाचणारा ‘गेटचार’ मानकातला आहे, आणि न्यूलाइनच्या बाबतीत तो ‘%सी’सारखाच वागतो.



वापरणाऱ्याने ‘वाय’ऐवजी सबंध ‘येस’ लिहिले, तर मात्र ‘%सी’आधीची ती स्पेस पुरत नाही. उरलेली दोन अक्षरे पुढच्या वजनाच्या वाटेत येतात आणि ‘%डी’ त्यांच्यावर अडून बसतो. अशा वेळी पहिले अक्षर घेतल्यावर न्यूलाइन किंवा ईओएफ (इनपुट संपल्याची खूण) येईपर्यंत ‘गेटचार’ने ओळ रिकामी करावी, आणि ‘गेटचार’चे उत्तर कॅर या अक्षराच्या प्रकारात न ठेवता इंट या पूर्णांकाच्या प्रकारात ठेवावे, कारण ईओएफ हे अक्षर नसून ऋण पूर्णांक आहे.