खुपसायचं कार्ड आणि टेकवायचं कार्ड

सोलापुरातल्या जुन्या माणसांना 'कार्ड' म्हटलं की आधी जकार्ड मागावरचे भोकांचे पुठ्ठे आठवतात. चादरीवरची सगळी नक्षी त्या भोकांत. आमच्या मामांची हयात त्या पुठ्ठ्यांत गेली, म्हणूनच की काय, त्यांनी बँकेच्या कार्डाच्या कोपऱ्यालाही पंचिंग मशीननं भोक पाडलं आणि दोरी ओवून ते किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलं.

नवी पेठेतल्या दुकानात मामांनी कार्ड मशीनवर टेकवलं. काहीच नाही. पुन्हा टेकवलं, तरी नाही. "बँकेनं बंद केलं वाटतं," मामा वैतागले. दुकानदार म्हणाला, "खालनं खुपसून बघू की मामा." पिन टाकला, पावती आली. मग घरी येईपर्यंत मामांचा एकच प्रश्न: चिप एकच आहे, तर खुपसून चालती आणि टेकवून का नाही?

गोंधळ त्या सोनेरी चौकोनापासून सुरू होतो. आपण त्यालाच चिप म्हणतो, पण ती नुसती संपर्काची पट्टी, वरून सोन्याचा मुलामा दिलेली. खरी चिप म्हणजे तिच्या पोटाशी चिकटवलेला सिलिकॉनचा इवलासा तुकडा. कार्ड खुपसलं की मशीनच्या पिना या पट्टीला टेकतात, तिथूनच चिपला वीज मिळते आणि बोलणंही तिथूनच होतं.

नुसतं खुपसायचं कार्ड बनवणं त्यामानानं सरळ. पीव्हीसीच्या मोठ्या शीटवर एकदम बरीच कार्डं छापतात, वर-खाली पारदर्शक थर ठेवून उष्णता आणि दाबाखाली सगळं एकजीव करतात, मग ८५.६ बाय ५३.९८ मिलिमीटरचे तुकडे कापतात. जाडी ०.७६ मिलिमीटर. त्यात खाच कोरायची, पट्टीसकट चिप चिकटवायची. प्लास्टिकचं काम फक्त चिप सांभाळण्याचं.

टेकवायच्या कार्डात मात्र प्लास्टिकच्या पोटात तार असते. थर दाबायच्या आधीच मधल्या शीटवर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे कडेकडेनं बसवतात. ताण्यात धागा भरावा तशी तार कंपनांच्या जोरावर प्लास्टिकमध्ये रुतवत नेतात. खाच कोरताना हिच्या टोकांपर्यंत नेमकं पोचायचं आणि ती चिपच्या पट्टीला जोडायची, हे कसबाचं काम. काही कारखाने जोडणी टाळतात. चिपच्या पट्टीमागेच छोटं वेटोळं असतं आणि मोठ्या वेटोळ्याकडून ते न चिकटता वीज घेतं.

दोन्ही प्रकारांत बॅटरी नसते. टेकवताना मशीनमधून १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरी निघतात, त्यांनी तारेत वीज निर्माण होते आणि तेवढ्यावर चिप जागी होते. म्हणून कार्ड चार बोटांच्या आत न्यावं लागतं.

आता मामांचं भोक. त्यानं कोपऱ्यातली तार तुटली, वेढा उघडा पडला, वीज थांबली. सोनेरी पट्टीच्या वाटेत भोक आलंच नाही, म्हणून खुपसल्यावर तेच कार्ड चाललं. जकार्डच्या पुठ्ठ्यात भोकानं नक्षी उमटते, इथं भोकानं ती पुसली.

आपलं कार्ड कुठलं, हे ओळखायला त्यावर एकापुढे एक वाकड्या चार रेघांची खूण बघा. फिकट रंगाचं कार्ड मोबाइलच्या टॉर्चवर धरलं तर पुष्कळदा कडेची तारही दिसते. सोनं नाही म्हणजे चिप नाही, असंही समजू नका. ऑफिसात हजेरी लावायच्या कार्डावर कुठंच सोनेरी चौकोन नसतो, तरी आत चिप आणि तार दोन्ही असतात. उलट आधारचं पीव्हीसी कार्ड दिसायला अगदी बँकेच्या कार्डासारखं, पण त्यात चिप नाहीच. तिथं काम क्यूआर कोडचं.

टेकवून, पिन न टाकता एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत जातात. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा २,००० वरून वाढवली. भाजीवाल्यापासून किराणावाल्यापर्यंत मामांचा सगळा कारभार त्यातच बसतो, म्हणून त्यांनी नवं कार्ड मागवलं.

ते आता जुडग्याला लटकतंय. भोक आहेच, पण प्लास्टिकच्या पाकिटाला. पाकिटातून न काढताही टेकवता येतं, हे मामांना दुसऱ्याच दिवशी कळलं.